मजूर मिळेनासा होतो तेव्हा

(यवतमाळ येथील स्मृतिव्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाची छापील प्रत)



ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्या गुरुजींनी उमेदीची सगळी वर्षं शेतमजुरांच्या वस्तीत रात्रीची शाळा चालवली. त्यांच्या नावानं उभं राहायचं तर मजुरीवर बोलावं, असं मी ठरवलं. आणि आपल्या जिल्ह्यात मजुरीवर बोलायचं म्हटलं की दसरा ओलांडताच धुऱ्याधुऱ्यावर, कृषी केंद्राच्या बाकावर, लग्नाच्या पंगतीत जे ऐकू येतं तिथूनच सुरुवात करावी लागते : "मजूर भेटत नाही."

ही तक्रार खरी आहे. पऱ्हाटी फुटते, वावर पांढरं होतं, सीतादहीची पूजा होते, आणि वेचायला बाया नसतात. मग शेजारच्या गावातून ऑटो भरून आणायच्या, ऑटोचं भाडं शेतकऱ्यानं द्यायचं, आणि रात्री पुन्हा दुसऱ्या दिवसाच्या बायांसाठी फोन फिरवत बसायचं. पंधरा वर्षांमागं वेचणीचा दर किलोला चार-पाच रुपये होता. आता दहा-बारा झाला आहे, आणि शेवटच्या वेच्याला, बोंडं विरळ झाली की, त्याहूनही जास्त मागतात. गुढीपाडव्याला सालगडी ठरवायला बसा, तर सालाचा आकडा लाखाच्या पुढूनच सुरू होतो. तरीही गडी मिळेल याची खात्री नाही.

अर्थशास्त्रातली एक जुनी श्रद्धा अशी आहे की कामाला माणसं कमी पडू लागली की मजुराचे दिवस पालटतात. एरवी मजूर मालकाच्या दारात उभा असतो, टंचाईत मालक मजुराच्या दारात येतो. मग मजुरी वाढते, वागणूक सुधारते, बोलण्यातला 'अरे' जाऊन 'अहो' येतो. तसं असेल तर यवतमाळच्या मजुराचे दिवस पालटायला हवे होते. ते पालटले का, हा आजचा प्रश्न आहे.

माझं उत्तर आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढं त्यावर वाद घालायला तुम्ही मोकळे. टंचाईत मजुराला भाव मिळतो. तो भाव खरा असतो, त्याला कोणी हलकं लेखू नये. पण टंचाई दोन महिन्यांची आणि वर्ष बारा महिन्यांचं. उरलेल्या दहा महिन्यांत पायाखाली काही ठोस असेल तरच दोन महिन्यांचा भाव हातात राहतो. आणि इतिहासात जेव्हा जेव्हा मजूर दुर्मीळ झाला, तेव्हा तेव्हा ती दुर्मीळता मोडून काढण्यासाठी कायदा, कर्ज किंवा यंत्र धावून आलं. आपल्याकडेही तेच चाललं आहे.

आधी भावाचा हिशेब करू. वावर भरून फुटलेलं असताना चपळ हाताची बाई दिवसाला चाळीस किलो कापूस सहज वेचते. दहा रुपयांनी चारशे रुपये झाले. निंदणाला तिला दोनशे, अडीचशे, फार तर तीनशे मिळतात, आणि त्याच वावरात गड्याला तिच्या दीडपट किंवा दुप्पट. वेचणीत मात्र काटा बाई आणि गडी असा भेद करत नाही. जितके किलो तितके पैसे. वर्षभरात बाईच्या हाताला पुरुषाइतकं मोल मिळण्याचे दिवस बहुधा हेच. पोराची फी, गहाण टाकलेली पोत, दवाखान्याची उधारी या दिवसांत फिटते. हे टंचाईनंच दिलं आहे, कोणाच्या दयेनं आलेलं नाही.

जगातही असे दाखले आहेत. करोनाची साथ ओसरल्यावर अमेरिकेत हॉटेलं, गोदामं, दुकानं यांना माणसं मिळेनात, तेव्हा सर्वांत तळच्या कामगारांची मजुरी सर्वांत वेगानं वाढली. डेव्हिड ऑटर, अरिंद्रजित दुबे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२३ मध्ये ते आकड्यांनिशी मांडलं. चाळीस वर्षं रुंदावत गेलेली मजुरीतली दरी त्या काळात काही अंशी बुजली, आणि लोक वाईट नोकरी सोडून बरी नोकरी धरू लागले. महागाईनं त्यातला बराच भाग खाल्ला, पण तळच्या माणसाच्या हाती त्यातूनही काही उरलं. आपल्या देशात २००७-०८ नंतरची पाच-सहा वर्षं शेतमजुरी महागाईला मागं टाकून धावली. शहरांत बांधकामं जोरात होती, खेड्यात रोजगार हमी होती, आणि शेताला माणूस कमी पडत होता. २०१४ नंतर ती धाव मंदावली, आणि तिथून पुढं खऱ्या अर्थानं मजुरी फारशी हलली नाही.

म्हणून टंचाईला मी शत्रू मानत नाही. ती मजुराच्या बाजूनं उभी राहते. पण ती एकटी किती पुरी पडते, ते पाहू.

पहिली गोष्ट दिवसांची. घरात येणारी रक्कम भाव आणि दिवस यांच्या गुणाकारातून येते. आपण सगळे भावाबद्दल बोलतो, दिवस मोजत नाही. पंचवीस-तीस वर्षांमागचा आषाढ-श्रावण आठवा. निंदणाला बायांची ओळ वावराच्या या धुऱ्यापासून त्या धुऱ्यापर्यंत पसरलेली असायची. मजुरी कमी होती, पण आठवड्यांमागून आठवडे काम होतं. पुढं निंदणाला बाया मिळेनात, दर चढले, पावसाची उघडीप दोनच दिवसांची आणि तण कोणासाठी थांबत नाही. शेतकरी तणनाशकाकडं वळला. मग तणनाशक सोसणाऱ्या कापसाचं बियाणं आलं, ज्याला आपण चोर बीटी म्हणतो. आपल्या देशात त्याच्या लागवडीला परवानगी नाही, तरी दर मृगाला ते गावोगाव पोचतं. २०१७ मध्ये ज्या भागांत ते मोठ्या प्रमाणात सापडलं त्यांत आपला जिल्हा होता, आणि जून २०१९ मध्ये शेजारच्या अकोला जिल्ह्यात शेतकरी संघटनेच्या कार्यकर्त्यांनी ते उघडपणे पेरून सत्याग्रह केला. त्या शेतकऱ्यांचा राग मला कळतो. मीही कोरडवाहू शेतकऱ्याच्या घरातला आहे, पावसाच्या उघडिपीत गवतानं गिळलेलं पीक मी पाहिलं आहे. पण दुसऱ्या बाजूनं पाहा. दहा बायांचं चार दिवसांचं काम आता एक गडी पाठीवर पंप घेऊन दिवसात उरकतो. सोयाबीनच्या सोंगणीत हार्वेस्टर उतरला. म्हणजे ज्या टंचाईनं कार्तिकातला दर वाढवला, तिनंच श्रावणातलं काम काढून घेतलं. गुलाबी बोंडअळीच्या भयानं आता फरदड, म्हणजे हंगामानंतर लांबवलेलं कापसाचं पीक, घेऊ नका असं कृषी खातं सांगतं, आणि ते बरोबरच सांगतं. पण त्यातून माघ-फाल्गुनातले वेचणीचे उरलेसुरले दिवसही गेले.

दुसरी गोष्ट २०१७ सालची. तिच्यापाशी थोडं थांबावंच लागेल.

त्या वर्षी पऱ्हाटी माणसाच्या उंचीच्या वर गेली होती. किडीचा जोर होता, आणि जुलैपासून ऑक्टोबरपर्यंत फवारणीमागून फवारणी चालली. साऱ्या जिल्ह्याला एकाच वेळी फवारणीवाला गडी हवा होता. टंचाई मजुराचं रक्षण करत असेल, तर त्या हंगामात आपल्या जिल्ह्यातला सर्वांत सुरक्षित मजूर तो असायला हवा होता. घडलं काय, ते तुम्ही जाणता. वीसहून अधिक माणसं विषबाधेनं गेली. आठशेच्या वर लोकांना रुग्णालयात दाखल करावं लागलं. कोणाची दृष्टी गेली, कोणाला खाटेला बांधून ठेवावं लागलं. गेलेल्यांत मजूर होते, आणि स्वतःच्या चार एकरांत स्वतःच पंप मारणारे शेतकरीही होते.

इतकी मागणी असलेल्या माणसाला साधे हातमोजे, साधा मास्क का मिळाला नाही? मला वाटतं, उत्तर मजुरी ठरवण्याच्या पद्धतीत आहे. फवारणीची मजुरी पंपावर ठरते. जितके पंप तितके पैसे. टंचाई आली की पंपामागचा दर वाढतो आणि दिवसातले पंपही वाढतात. दुपारचं ऊन चढलं, वारा तोंडावर आला, अंगरखा औषधानं ओला झाला, तरी गडी थांबत नाही, कारण थांबण्याची किंमत आता पूर्वीपेक्षा जास्त झालेली असते. दराची घासाघीस एकटा माणूस करू शकतो. सुरक्षिततेची घासाघीस एकट्याला जमत नाही. 'मास्क दिल्याशिवाय येत नाही' असं एक गडी म्हणाला, तर त्याचा दिवस बुडतो. गावातले सगळे गडी मिळून म्हणाले तर मास्क येतो. त्या वर्षी जे काही बदललं, अमरावती विभागीय आयुक्तांच्या नेतृत्वाखालचं विशेष तपास पथक, काही कीटकनाशकांच्या विक्रीवरचे निर्बंध, गावोगावच्या प्रात्यक्षिकांची मोहीम, ते सगळं वर्तमानपत्रांनी, कार्यकर्त्यांनी आणि डॉक्टरांनी आवाज उठवल्यावर आलं. बाजारानं त्यातलं काहीही आपणहून दिलं नाही.

आता तिसरी गोष्ट. पुसद, उमरखेड, महागावकडचे तांडे दिवाळीच्या सुमाराला रिकामे होतात. माणसं ऊसतोडीला जातात. सीमेवरच्या तालुक्यांतले मजूर तेलंगणात मिरची तोडायला जातात. त्याच वेळी आपल्या वावरांत कापूस वेचायला मध्य प्रदेशातून मजूर येतात. परका माणूस हे ऐकून चक्रावेल. इथं मजुराची टंचाई असताना इथला मजूर बाहेर का जातो?

याचं उत्तर उचलीत आहे. वेचणीचे चारशे रुपये आज मिळतील, उद्याही मिळतील, पण ते किती दिवस मिळतील ते कोणी सांगत नाही. ऊसतोडीचा मुकादम मात्र एका कोयत्याची, म्हणजे नवरा-बायकोची, सगळी रक्कम आधीच हातात ठेवतो. घरात पोरीचं लग्न असतं, सासऱ्याचं ऑपरेशन असतं, गेल्या वर्षीची देणी असतात. या गरजा एकरकमी येतात, आणि एकरकमी पैसा उचलीतूनच मिळतो. तोडणी मजुरांची टंचाई झाली की उचलीचा आकडा फुगतो, टनामागचा दर त्या मानानं वाढत नाही. वरून पाहणाऱ्याला वाटतं, मजुराची चंगळ आहे, मुकादम लाखाची गड्डी घेऊन तांड्यावर येतो. पण तेवढी रक्कम फिटेपर्यंत तो माणूस फडातून हलू शकत नाही. आजारी पडला, बाईचे दिवस भरत आले, पाऊस लांबला आणि फिटंफाट झाली नाही, तर बाकी पुढच्या हंगामाच्या खात्यावर चढते. काम नाकारता येणं ही मजुराची ताकद. टंचाईत ती वाढायला हवी. उचल ती ताकदच आधी विकत घेते. आपल्याकडच्या सालगड्याचंही काहीसं तसंच आहे. पाडव्याला घेतलेली रक्कम वर्षभर त्याला बांधून ठेवते.

इथं मी तुम्हाला सव्वाशे वर्षं मागं, मुंबईला नेतो. सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवी भागात प्लेग निघाला, आणि काही महिन्यांत मुंबईची निम्म्याच्या आसपास वस्ती कोकणात, देशावर, आपापल्या गावी निघून गेली. गिरण्या ओस पडू लागल्या. त्याआधी गिरणी कामगाराचा पगार महिन्यानं व्हायचा, आणि तोही मागच्या महिन्याचा पुढच्या महिन्याच्या मध्यावर. म्हणजे कामगाराची कित्येक दिवसांची मजुरी कायम मालकाकडं अडकलेली. १८९७ च्या सुरुवातीला तेच मालक रोजच्या रोज रोख पैसे द्यायला तयार झाले. रस्त्याच्या कोपऱ्यावर गिरण्यांचे माणसं जमवणारे उभे राहून एकमेकांवर बोली चढवू लागले. आदल्या वर्षापर्यंत ज्याचं नाव हजेरीपटावर फक्त एक आकडा होता, त्याच्यासाठी भर रस्त्यात लिलाव. टंचाई काय करू शकते, याचं याहून ठळक उदाहरण महाराष्ट्राच्या इतिहासात मला माहीत नाही.

पुढं काय झालं? मालकांच्या संघटनेनं लगेच आपसांत ठरवायचा प्रयत्न केला की कोणी कोणाची माणसं फोडायची नाहीत, रोजची मजुरी बंद करायची. प्रयत्न लगेच साधला नाही, कारण प्रत्येक गिरणीला माणूस हवाच होता. पण साथ ओसरली, माणसं परत आली, आणि रोजची मजुरी गेली. महिन्याचा पगार आणि त्याची थकबाकी पुन्हा सुरू झाली. मालकांची संघटना भक्कम होती, कामगारांची तशी भक्कम संघटना त्या वेळी नव्हती. टंचाई गेली तशी तिची मिळकतही गेली.

इंग्लंडमध्ये चौदाव्या शतकातल्या महामारीनंतर याहून उघड प्रकार झाला. माणसं मेली, शेतं पडून राहिली, मजूर दुप्पट मागू लागला. राजानं १३४९ मध्ये हुकूम काढला आणि १३५१ मध्ये कायदा केला की मजुरी साथीआधीच्या पातळीवरच राहील, आणि काम नाकारणारा शिक्षेला पात्र होईल. विसाव्या शतकात मिखाल कालेत्स्की या पोलिश अर्थतज्ज्ञानं १९४३ मध्ये या प्रकाराच्या मुळाशी हात घातला. त्याचं म्हणणं थोडक्यात असं, की सगळ्यांना काम देणं सरकारांना जमत नाही असं नाही. पण सगळ्यांना काम असलं की 'काढून टाकीन' या धमकीचा धाक उरत नाही, आणि धाक गेलेला मालकवर्गाला सोसवत नाही.

आपल्या जिल्ह्यात एक गुंता आहे, आणि तो बाजूला ठेवून बोलणं शेतकऱ्यावर अन्याय होईल. इथला मजूर लावणारा माणूस गिरणीमालक नाही. २०२४-२५ च्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ७,५२१ रुपये होता. वेचणी किलोला दहा रुपये धरली तरी क्विंटलमागं हजार रुपये होतात, म्हणजे हमीभावाच्या तेरा टक्क्यांहून जास्त. आणि तो हमीभाव मिळेलच असं नाही, कारण खरेदी केंद्र उशिरा उघडतं आणि गरजू शेतकरी त्याआधीच खेडा खरेदीत माल घालतो. ऑगस्ट २०२५ मध्ये केंद्रानं कापसावरचं अकरा टक्के आयात शुल्क माफ केलं, आणि ती माफी पुढं डिसेंबरअखेरपर्यंत वाढवली. त्या निर्णयाच्या टेबलाशी घाटंजी-राळेगावच्या शेतकऱ्याला जागा नव्हती, आणि त्याच्या वावरात वेचणाऱ्या बाईला तर नव्हतीच. कापसाचा भाव वर चढला तर मजुरी त्याच्या मागं चढू शकते. पण भाव दुसरीकडं ठरतो आणि मजुरी मात्र इथं, धुऱ्यावर, समोरासमोर ठरते. म्हणून वाढलेल्या मजुरीचा सगळा पैसा एका गरीब माणसाच्या खिशातून दुसऱ्या गरीब माणसाच्या खिशात जातो, आणि सूतगिरणीपासून शहरातल्या कापडदुकानापर्यंतची साखळी त्यातून मोकळी राहते. शेतकऱ्याला यावर उपाय म्हणून मजूर स्वस्त करून देऊ, असं कोणी सांगू लागलं, तर ते आपण मान्य करू नये. २०११ च्या जनगणनेनुसार या जिल्ह्यात शेतकऱ्यांहून शेतमजूर जास्त आहेत. शिवाय बारकी शेती असलेल्यांच्या घरातली बाई दुसऱ्याच्या वावरात मजुरीला जातेच. मजुरी पाडली, तर त्याच शेतकऱ्याचं घर पडतं.

आता ज्या गोष्टीसाठी मी हा विषय घेतला, तिच्याकडं येतो.

पुसद तालुक्यातल्या गहुलीचे वसंतराव नाईक मुख्यमंत्री असताना, १९७२ च्या दुष्काळात, महाराष्ट्रानं मागेल त्याला काम देण्याची जबाबदारी अंगावर घेतली. वि. स. पागे यांनी ती कल्पना आखली होती. मे १९७३ मध्ये राज्यभरातल्या दुष्काळी कामांवर पन्नास लाखांच्या घरात माणसं होती. पुढं रोजगार हमीचा कायदा १९७७ मध्ये झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून लागू झाला. त्यासाठी शहरातल्या नोकरदारावर व्यवसाय कर बसला, आणि त्यानं तो भरला. देशानं २००५ मध्ये हीच कल्पना कायद्यात घेतली, आणि फेब्रुवारी २००६ मध्ये पहिल्या टप्प्यात जे जिल्हे निवडले, त्यात आपला यवतमाळ होता.

हमीचं खरं काम लोकांच्या नीट ध्यानात येत नाही. रस्ता किंवा बांध हे तिचं एक फळ झालं. दुसरं फळ असं, की जी बाई हमीच्या कामावर कधीच गेली नाही, तिलाही हमीचा उपयोग होतो. 'परवडत नसेल तर राहू दे, मी तिकडं जाते,' असं ती म्हणू शकते. टंचाई तिला हे वाक्य दोन महिने म्हणू देते, हमी ते बाराही महिने म्हणू देऊ शकते. म्हणूनच हमीवर पहिल्यापासून दोन बाजूंनी दाब आला. १९८८ मध्ये किमान वेतन दुपटीनं वाढलं आणि हमीची मजुरी त्याबरोबर वर गेली, तेव्हा कामावरची माणसं वाढण्याऐवजी घटली. मजुरांनी पाठ फिरवली नव्हती. नवी कामं पुरेशी निघत नव्हती. कायदा जागच्या जागी राहिला आणि कामाचं दार अरुंद झालं. अलीकडच्या काळातही शंभर दिवसांची हमी असताना देशभरात कुटुंबामागं सरासरी पन्नासच्या आसपासच दिवस मिळत आले. मजुरी उशिरा येते, हजेरीचा फोटो चढला नाही की दिवस बुडतो, आधार जोडणीत अक्षर चुकलं की पैसा अडकतो.

आणि डिसेंबर २०२५ मध्ये संसदेनं जुन्या कायद्याच्या जागी नवा आणला, 'विकसित भारत – गॅरंटी फॉर रोजगार अँड आजीविका मिशन (ग्रामीण)'. त्यात दिवस शंभराचे सव्वाशे केले. खर्चाचा मोठा वाटा राज्यांवर टाकला, बहुतेक राज्यांसाठी साठ-चाळीस. आणि एक कलम असं घातलं, की पेरणी आणि कापणीच्या ऐन हंगामात, वर्षात मिळून साठ दिवसांपर्यंत, हमीची कामं बंद राहतील. शेताला मजूर मिळावा हा त्यामागचा सांगितलेला हेतू. कोणते दिवस, ते राज्य सरकार आधी जाहीर करेल, आणि भागाभागानुसार ते वेगळे असू शकतील.

शेतकऱ्याच्या घरातला म्हणून मला हे कलम पहिल्या वाचनात वाजवी वाटू शकलं असतं. म्हणून आकडे मांडून पाहू. २०२५-२६ साठी महाराष्ट्रात हमीची मजुरी दिवसाला ३१२ रुपये ठरली. भर वेचणीत बाईला चारशे मिळतात. ती ३१२ रुपयांसाठी, तेही पंधरा दिवसांनी खात्यात येणाऱ्या, वेचणी सोडून माती उचलायला जाईल का? जाणार नाही. तिला रोखायला कायदा लागतच नाही. आता तिसरा वेचा घ्या. बोंडं विरळ, दिवसाला वीस किलो हाती लागतात, दर दहाच राहिला तर दोनशे रुपये. किंवा अडीचशे रुपयांचं निंदण घ्या. इथं ती हमीकडं वळेल. म्हणजे कामबंदी फक्त त्याच दिवशी लागू पडते, ज्या दिवशी शेतातली मजुरी सरकारनं स्वतः ठरवलेल्या मजुरीहून कमी असते. चांगला भाव देणाऱ्या शेतकऱ्याला तिचा काही उपयोग नाही. तिच्यामुळं फक्त कमी भावात माणूस अडवून ठेवता येतो. १३५१ च्या कायद्याइतकी ती कठोर नाही, शिक्षा वगैरे काही नाही. पण दिशा तीच आहे. मजूर दुर्मीळ झाला की त्याचा दुसरा पर्याय काढून घ्या.

मग काही होऊच शकत नाही का? होऊ शकतं, आणि तेही टंचाई नसताना. त्याच १९७२ च्या सुमारास, दुष्काळात, हाताला काम नसलेली माणसं चारी दिशांना पसरलेली असताना, त्या वेळच्या धुळे जिल्ह्यात शहाद्याला आदिवासी सालदार आणि शेतमजूर उठले. त्यांचे नेते अंबरसिंग महाराज त्यांच्यातलेच. श्रमिक संघटना उभी राहिली. सालदाराच्या मजुरीसाठी, सुट्टीसाठी, हातून गेलेल्या जमिनींसाठी ती माणसं लढली, बाया पुढं होत्या, आणि त्यांनी पदरात पाडूनही घेतलं. पाठ्यपुस्तकाच्या हिशेबानं ते साल मजुराच्या सर्वांत पडत्या बाजूचं होतं. एका जागेसाठी दहा माणसं उभी होती. तरी जमलं, कारण ती दहा माणसं एकमेकांशी बोलून आली होती. आपल्याकडं गेली पंधरा वर्षं ऐन हंगामात एका माणसासाठी दहा वावरं थांबलेली आहेत, आणि वेचणीचा दर अजूनही फोनवर, एकेका बाईशी, आदल्या रात्री ठरतो.

या जिल्ह्यात तातडीनं करण्यासारख्या चार गोष्टी आहेत, आणि त्यांना दिल्लीची परवानगी लागत नाही. वेचणीचा दर दसऱ्याआधी गावात बसून, शेतकरी आणि बाया दोघांसमोर, पहिल्या वेच्याचा वेगळा आणि शेवटच्याचा वेगळा, असा ठरवता येतो. काही गावांत ते अर्धवट होतंही. फवारणीची मजुरी पंपावरून काढून दिवसावर आणता येते, दुपारच्या विश्रांतीसकट आणि मास्क-मोज्यांसकट. २०१७ नंतरही हे आपण केलं नाही, ही गोष्ट मला बोचते. ज्या घरातून कोयता बाहेर पडतो, त्या घराला दसऱ्याच्या आधी एकरकमी कर्ज बचतगटामार्फत मिळू शकतं, म्हणजे मुकादमाकडून घ्यायची उचल तेवढी कमी होईल. आणि माघ ते वैशाख, जेव्हा इथं कोणालाच मजूर नको असतो, तेव्हा कामं निघाली पाहिजेत. त्यासाठी ग्रामपंचायतीचा आराखडा दिवाळीतच तयार हवा, आणि मागणीचा नमुना भरून त्याची तारीख टाकलेली पोच हातात हवी. पोच नसेल तर बेकारी भत्त्याचा हक्क सिद्ध करता येत नाही.

उरले ते साठ दिवस. यवतमाळचे साठ दिवस कोणते, हे मुंबईत ठरेल. वणीची शेती वेगळी, उमरखेडची ओलिताची शेती वेगळी, झरी-जामणीच्या पोडांवरच्या, म्हणजे वस्त्यांवरच्या, कोलाम आदिवासींची परिस्थिती तर साफ वेगळी. त्यामुळं जिल्ह्याला एकच तारीख लागली तर कोणाच्या तरी उपासाच्या दिवसांत काम बंद होणार. अधिसूचना निघण्याआधी प्रत्येक ग्रामसभेनं आपले दिवस लेखी कळवावेत, आणि त्या ग्रामसभेत मजूर बायांची संख्या शेतकऱ्यांइतकी असावी, एवढं आपल्या हातात आहे. ज्या दिवशी शेतातली मजुरी हमीच्या मजुरीहून कमी असेल, त्या दिवशी आमच्या गावात काम बंद ठेवू नये, असाही ठराव करता येईल. पुढच्या ग्रामसभेच्या विषयपत्रिकेवर हा विषय घ्या, असं पत्र सरपंचांना द्यायला सात-आठ सह्या पुरतात. या सभागृहात त्या आहेत.